निधान

आमच्या दाराशी रोज सकाळी साडेसहाला ठिपक्यांची रांगोळी पडते. ती सासूबाई काढतात. त्यांचं माहेर धारवाडचं, त्यामुळे त्या ठिपक्याला ठिपका म्हणत नाहीत, ‘चुक्की’ म्हणतात. आधी सगळ्या चुक्क्या मांडून घ्यायच्या, सात ते एक किंवा अकरा ते एक, आणि मग त्यांच्यामधून रेघ फिरवायची. ठिपके चुकले तर रेघ कितीही सुबक असो, रांगोळी फसते, असं त्या मला वीस वर्षं सांगत आल्या आहेत.

आणि वीस वर्षं मी स्कूटरची किल्ली हातात घेऊन त्यांच्या मागे उंबऱ्याच्या आत उभी राहत आले आहे. कॉलेज आठला. रांगोळी पुरी होऊन त्या बाजूला झाल्याशिवाय मला बाहेर पडता येत नाही. मी बाहेर पडले की पाठीमागून आवाज येतो, “निधान होग!” म्हणजे सावकाश जा. मी गडहिंग्लजहून लग्न होऊन बेळगावात आले, तेव्हा मला कानडी येत नव्हतं. मला वाटायचं, त्या ‘निधान हो’ असा काहीतरी जुना आशीर्वाद देतात. मराठीत निधान म्हणजे ठेवा. सूनबाई घराचा ठेवा होऊ दे, असा मी अर्थ लावला होता आणि मनातून सुखावले होते! खरा अर्थ कळला तेव्हा घरातले सगळे पोट धरून हसले. या शब्दाची गोष्ट पुन्हा यायची आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

मी मराठी विषयाची एम.ए. आमच्या कॉलेजात काही वर्षांपूर्वी अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा ‘कथा आणि स्टोरीबोर्ड’ हा विषय माझ्याकडे आला. गोष्ट म्हटलं की मराठीचं खातं, असा साधा हिशेब होता. मला चित्र काढता येत नाही. माणूस म्हटला की डोक्याचं वर्तुळ आणि खाली पाच काड्या, एवढीच माझी मजल. सुरुवातीचे सहा महिने मी मुलांच्या एक दिवस पुढे राहून शिकले आणि शिकवलं.

स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्टीची चित्रं क्रमानं फळ्यावर टाचणीनं लावायची. १९३० नंतरच्या काळात अमेरिकेत वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत ही पद्धत रुजली. १९३३ सालचा तीन डुकरांच्या पिलांचा त्यांचा लघुपट असा आधी पूर्ण फळ्यावर मांडून केला होता, असं सांगतात. फायदा सरळ आहे. एक चित्र बदलायचं तर टाचणी काढायची, दुसरं लावायचं. फिल्म वाया जात नाही, माणसांचे कष्ट वाया जात नाहीत.

आमच्या वर्गात या फळ्याचा आणखी एक फायदा झाला. खानापूरकडची मुलं गोष्ट मराठीत लिहायची, गोकाककडची कानडीत, आणि शहरातली इंग्रजीत. एकाची वही दुसऱ्याला वाचता यायची नाही. गट पाडले की ते भाषेवर पडायचे. आपल्या भागात हे काही नवं नाही. पण चित्रं फळ्यावर लागली की सगळे उठून फळ्यापाशी यायचे. “हा म्हातारा इथून तिकडे गेला कधी?” असं एकानं मराठीत विचारावं, दुसऱ्यानं कानडीत उत्तर द्यावं आणि तिसऱ्यानं मधलं चित्र काढून टाचावं, असं चालायचं. एवढ्यावर मी खूश होते. मला वाटलं, आपल्याला विषय आला.

तो आला नव्हता. स्टोरीबोर्ड काय घडतं ते सांगतो. ते कसं घडतं, किती वेळात घडतं, हे त्यात नसतं. आणि अ‍ॅनिमेशनचा जीव तिथंच असतो. हे मला गेल्या वर्षीच्या एका साध्या गृहपाठानं शिकवलं.

गृहपाठ असा होता. जमिनीवर बसलेली एक व्यक्ती उठून उभी राहते. बाकी काही नाही. मुलांनी कॉम्प्युटरवर बसलेलं चित्र केलं, उभं राहिलेलं चित्र केलं आणि मधलं सगळं कॉम्प्युटरवर सोडून दिलं. कॉम्प्युटर हे काम चोख करतो. दोन टोकं दिली की मधली चित्रं भरून टाकतो. वर्गात एकामागून एक सत्तावीस माणसं पडद्यावर उठली, आणि सगळीच्या सगळी लिफ्टमधून वर आल्यासारखी! कोणाला वजन नाही, कोणाला गुडघे नाहीत. मुलंच हसायला लागली.

मी दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर कॉम्प्युटर बंद केले. फक्त कागद, पेन्सिल आणि घड्याळ. मुलं कुरकुरली. एका मुलाचे वडील कॉलेजात आले. ते टेम्पो चालवतात. “मॅडम, फी भरलीय ती कॉम्प्युटर शिकायला. कागदावर ठिपके काढायला पोरगं घरी काय वाईट होतं?” असं त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यांच्या कष्टाचे पैसे होते. मला नीट उत्तर देता आलं नाही. “आठवडाभर थांबा,” एवढंच म्हणाले.

हे ठिपक्यांचं प्रकरण काय, ते सांगते. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. हातानं काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. हात वर जायचा असेल तर त्याचा मार्ग आधी कागदावर एका वळणदार रेघेनं काढायचा. मग प्रत्येक चित्राच्या वेळी हात कुठं असेल तिथं त्या रेघेवर ठिपका द्यायचा. ठिपके जवळजवळ आले तर हालचाल सावकाश, लांबलांब गेले तर वेगवान. चित्राच्या कडेला याचीच एक छोटी मोजपट्टी काढतात, तिला टायमिंग चार्ट म्हणतात. आणि कोणतं चित्र किती चौकटी टिकणार, आवाज कुठं येणार, हे सगळं ज्या उभ्या रकान्यांच्या कागदावर भरतात, ती एक्सपोजर शीट. किराणा दुकानाच्या खतावणीसारखीच ती दिसते.

खरी माणसं, खऱ्या वस्तू सहसा एकदम सुटत नाहीत आणि एकदम थांबत नाहीत. झोपाळा टोकाला गेला की रेंगाळतो, मध्ये आला की धावतो. म्हणून सुरुवातीला ठिपके दाट, मध्ये विरळ, शेवटी पुन्हा दाट. डिस्नेकडचे दोन जुने चित्रकार, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन, यांनी १९८१ मध्ये ‘द इल्यूजन ऑफ लाइफ’ या पुस्तकात अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं हे एक आहे. त्याचं इंग्रजी नाव मी फळ्यावर लिहिलं, तर गोकाकची एक मुलगी पटकन म्हणाली, “मॅडम, म्हणजे शुरू निधान, बंद निधान!” सगळ्या वर्गानं तेच नाव उचललं. त्या दिवसापासून आमच्याकडे या तत्त्वाला ‘निधान’च म्हणतात.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे नावाचा एक शरीरशास्त्रज्ञ होता. १८८०च्या दशकात, सिनेमाचा जन्म व्हायच्या आधी, माणूस चालतो कसा हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्यानं माणसाला नखशिखांत काळे कपडे घातले, हातापायांवरून पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि सांध्यांच्या जागी पांढरे ठिपके दिले. काळ्या पार्श्वभूमीपुढून त्याला चालायला लावून एकाच काचेवर एकामागून एक फोटो घेतले. माणूस दिसेनासा झाला, उरले फक्त ठिपके आणि रेघा. चालणं दिसायला लागलं! “म्हणजे रांगोळीच की,” एक मुलगा म्हणाला. मी हसले, पण तो बरोबर बोलला होता.

“आठवडाभर घरातल्या एका माणसाला उठताना पाहा,” मी सांगितलं. “आधी मनानं चार्ट काढा. मग बघून काढा. दोन्ही आणा.” मुलांनी साहजिकच विचारलं, “आणि मॅडम तुम्ही?” म्हटलं, मीही करीन.

माझ्या घरात जमिनीवर बसून उठणारं माणूस एकच. रात्री जेवणं आटोपल्यावर मी कागद घेतला. सासूबाई रांगोळीच्या पाटावरून उठतात, हे मी वीस वर्षं रोज बघते आहे, त्यात काय विचार करायचा? मी दोन सेकंद धरले. चौकटी अठ्ठेचाळीस. सुरुवातीला ठिपके दाट, मध्ये विरळ, शेवटी दाट. चार्ट सुरेख दिसत होता.

सकाळी मी किल्ली न घेता, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून खिडकीशी उभी राहिले.

त्यांनी रांगोळीची वाटी बाजूला सरकवली. डावा तळवा उंबऱ्यावर टेकला. अंगाचा भार एका बाजूला घेतला. आणि थांबल्या. ओठ मिटलेले होते. मग उजव्या हातानं दाराची चौकट धरली. आधी कंबर वर आली, डोकं खालीच होतं. तशाच वाकलेल्या त्या पुन्हा थांबल्या. मग एक हात मांडीवर दाबून हळूहळू सरळ झाल्या. त्यानंतर जागच्या जागी उभ्या राहून त्यांनी रांगोळीकडे बघितलं, नेहमी बघतात तसं.

सात सेकंद. मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. तीन दिवस मोजलं. सातच्या थोडं आत, थोडं बाहेर. सात सेकंद म्हणजे एकशे अडुसष्ट चौकटी. मी धरल्या होत्या अठ्ठेचाळीस. उरलेल्या एकशेवीस चौकटी माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होत्या आणि मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी त्या शेवटच्या बघण्याकडेही लक्ष गेलं. मला नेहमी वाटायचं, त्या रांगोळी न्याहाळतात, आणि खरं सांगते, त्याचा मला राग यायचा. मला उशीर होतोय आणि यांचं कौतुक चाललंय! त्या दिवशी मी त्यांचा चेहरा पाहिला. नजर रांगोळीवर होती, पण त्या रांगोळी बघत नव्हत्या. चौकट अजून हातात घट्ट धरलेली होती. कळ ओसरायची वाट बघत होत्या.

संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले. “आई, गुडघा दुखतो का?”

“वयाला दुखायचंच की.”

“किती दिवस?”

“दिवाळीपासून असंल. उजवा जास्त.” दिवाळी होऊन सहा महिने झाले होते.

“सांगितलं का नाही?”

त्या म्हणाल्या, “सकाळी तू घाईत असतीस. रात्री थकून येतीस. कधी सांगू?” आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो काढून सांगितलं की दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे, उजव्याची अधिक. गोळ्यांपेक्षा मांडीच्या स्नायूंच्या व्यायामावर त्यांचा भर होता. जमिनीवर बसणं बंद करायला सांगितलं. पुढे फिजिओथेरपिस्टकडे गेलो, तेव्हा तिथं एक गंमत झाली. त्या बाईंनी सासूबाईंना खुर्चीवर बसवलं, आणि उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं असं सांगून हातातलं घड्याळ सुरू केलं. वयस्क माणसाचा तोल किती राहिला आहे हे पाहण्याची ही सगळीकडे वापरात असलेली चाचणी आहे. मी बघतच राहिले. माझ्या वर्गातला गृहपाठ दवाखान्यात चालला होता! त्यांनीही सेकंद कागदावर लिहिले. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू म्हणाल्या.

त्या रात्री मला दादासाहेब फाळके आठवले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला. त्याच्या आधी भांडवल उभं करण्यासाठी त्यांनी एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि अनेक दिवस कॅमेरा लावून थोड्याथोड्या वेळानं एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर दाण्याचा वेल झाला. कुंडी तर सगळ्यांच्याच अंगणात होती, पण रोज बघणाऱ्याला वेल वाढताना दिसत नाही. वाढ दिसायला चौकटी मांडाव्या लागतात. झीज दिसायलाही तेच लागतं, हे मला माझ्या घरात कळलं. सासूबाईंचं उठणं दोन सेकंदांवरून सात सेकंदांवर एका रात्रीत आलं नसणार. ते रोज एखाद्या ठिपक्यानं लांबत गेलं असणार.

आठवड्यानंतर मुलांनी कागद आणले. मी माझे दोन्ही चार्ट फळ्यावर लावले, आधीचा आणि नंतरचा, आणि काय झालं ते सांगितलं. वर्ग गप्प झाला. मग एकेक जण उठून आपला कागद लावू लागला. एकानं बाजारातला हमाल पाहिला होता. पोतं उचलण्याआधी तो डोळे मिटतो आणि श्वास रोखतो, मग हात हलतो. एकीनं धाकट्या भावाला पाहिलं होतं. तो उठायची तयारीच करत नाही, थेट सुटतो आणि आपटतो. तयारीचे ठिपके नाहीत म्हणजे वय दोन वर्षं! टेम्पोवाल्यांच्या मुलानं घरात बघण्याऐवजी वडिलांना गाडीतून उतरताना पाहिलं होतं. गृहपाठात बसत नव्हतं, पण मी हरकत घेतली नाही. रात्री ते दार उघडून पाय खाली सोडतात आणि पाय जमिनीला लागण्याआधी स्टिअरिंगला धरून थोडा वेळ तसेच बसतात. त्या थोड्या वेळाला त्यानं चाळीस चौकटी दिल्या होत्या.

मग कॉम्प्युटर सुरू केले. आम्ही ब्लेंडर वापरतो, ते फुकट मिळतं. त्यात हालचालीचा मार्ग उघडून बघता येतो, आणि गंमत म्हणजे तो पडद्यावर ठिपक्यांचाच दिसतो. मुलांनी आपापले कागद शेजारी ठेवून पडद्यावरचे ठिपके सरकवले. या वेळी उठलेली माणसं लिफ्टमधून आली नव्हती. सगळीच चांगली झाली असं मात्र नाही. दोघांचे चार्ट अतिशय देखणे होते आणि हालचाल मेलेली. विचारलं तर कळलं, दोघांनी चार्ट घरी बसून मनानंच केले होते. माझ्या अठ्ठेचाळीस चौकटींसारखे. कागदावर आखलं की सगळं साधतं, असं नाही. आखायला बसलं की आपण काय पाहिलं नाही ते कळतं, एवढाच या कागदाचा गुण. पण तो फार मोठा आहे.

सत्र संपताना पालकांना बोलावून मुलांचं काम दाखवलं. टेम्पोवाले आले होते. मुलाच्या फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. “मी असा बसतो होय?” एवढंच त्यांनी मुलाला विचारलं. मुलगा मान हलवून खाली बघत राहिला. फीबद्दल त्यांचं मत बदललं की नाही, ते मी विचारलं नाही.

आता आमच्या घरी सासूबाई दाराशी खुर्चीत बसतात आणि रांगोळी मी काढते. त्यासाठी पंधरा मिनिटं लवकर उठावं लागतं. त्या वरून हुकूम सोडतात, “सात ते एक. मधली चुक्की वाकडी पडली बघ.” माझ्या रेघा अजून थरथरतात. एकदा त्यांनी टेबलावर पडलेला माझा तो चार्ट पाहिला. हातानं काढलेली वळणदार रेघ, तिच्यावर कुठं दाट, कुठं विरळ ठिपके. त्यांनी चष्मा लावून तो निरखला आणि म्हणाल्या, “ही कसली रांगोळी? चुक्क्या सारख्या अंतरावर नाहीत.”

“तुमची आहे आई,” मी म्हटलं. “तुम्ही उठता त्याची.”

त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. शेवटच्या दाट ठिपक्यांवरून बोट फिरवलं. काही बोलल्या नाहीत. व्यायाम सुरू होऊन आता तीन महिने झाले आहेत. फिजिओथेरपिस्टच्या कागदावरचे सेकंद थोडे कमी झाले आहेत, थोडेच.

सकाळी मी रांगोळी संपवून हात झटकते आणि उठते. माझंही चाळिशी ओलांडलेलं वय आहे, गुडघा एकदा करकरतो. मुलगी आतून बघत असते की नाही, मला माहीत नाही. मी किल्ली घेते. खुर्चीतून आवाज येतो, “निधान होग!”

मी हल्ली त्याचे दोन्ही अर्थ घेते.